शेडच्या भिंती अजून का नाहीत, ते सांगते

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत की एवढीशी बागेतली शेड, तिच्या भिंती अजून वर का नाहीत, तर म्हटलं लिहूनच कळवते, फोनवर आई मधेच "दमलीस का गं" विचारते आणि मुद्दा राहून जातो.

वेळ सगळा जमिनीतल्या कामात जातोय आणि तो जायलाच हवा. वरची मऊ माती पूर्ण काढली, खाली घट्ट जमीन लागेपर्यंत. मुळं-पालापाचोळा असलेली माती नंतर दबते, आणि पाया एका बाजूने बसला की ब्लॉकच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांसारखे तडे जातात, मग वरून कितीही प्लास्टर करा. आखणी ३-४-५ ने केली, म्हणजे कोपऱ्यापासून एकीकडे ३ फूट, दुसरीकडे ४ फूट आणि तिरकं बरोबर ५ भरलं की कोपरा काटकोनात. दोन्ही कर्ण सारखे आल्यावरच फक्की मारली, म्हणजे चुन्याच्या भुकटीने रेषा आखली. लांबी-रुंदी २० सेंमीच्या पटीत धरलीये, कारण ब्लॉक ३९ सेंमीचा आणि सांधा १ सेंमीचा, त्यामुळे पूर्ण नाहीतर अर्ध्या ब्लॉकवर भिंत संपते, कापाकापी जवळजवळ नाहीच.

आई, वजनाची काळजी करू नकोस. आठ इंची भरीव ब्लॉक ३५ किलोच्या आसपास जातो म्हणून मी पोकळ घेतलेत, ते बरेच हलके, शिवाय कोपऱ्यांच्या पोकळीत सळई टाकून काँक्रीट भरता येतं. उचलताना गुडघ्यात वाकते, कंबरेत नाही.

आणि बाबा, ब्लॉक रात्रभर भिजव म्हणालात ना, ते विटांना लागू आहे. वीट कोरडी असली की मालातलं, म्हणजे सांध्यातल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणातलं, पाणी शोषून घेते. सिमेंटचा ब्लॉक मात्र भिजला की किंचित फुगतो आणि भिंतीत सुकताना आकसतो, तिथेच चिरा पडतात. म्हणून ते ताडपत्रीखाली कोरडे ठेवलेत. फार ऊन असेल तर वरून नुसता पाण्याचा हात.

आता पहिला थर. तो आधी मालाशिवाय मांडून बघणार, मग कोपरे लेव्हल आणि ओळंब्यात (अगदी सरळ उभे) बसवून त्यांच्यामधे दोरी ताणायची आणि बाकीचे ब्लॉक दोरीला लावत जायचे. इथे थोडा जरी फरक राहिला तर तो वर वाढतच जातो, म्हणून या एका थरासाठी अख्खा दिवस गेला तरी मला चालेल. माल १:६ चा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, थोडा थोडाच कालवणार, घट्ट व्हायला लागला की परत पाणी घालून वापरायचा नाही, ताकद जाते त्याची. दिवसाला साधारण मीटरभरच उंची, नाहीतर खालचे ओले सांधे दबतात. नंतर निदान ७ दिवस सांधे ओलसर ठेवायचे.

लिंटेल, म्हणजे दरवाजावरची आडवी तुळई, दोन्ही बाजूंना २० सेंमी भिंतीवर टेकवणार, ते ठरलंय. फक्त दरवाजाची जागा ८० सेंमी ठेवू की १०० ते अजून ठरत नाहीये. आई, बागेत हातगाडी तूच जास्त वापरतेस, ती भरलेली असताना वळवून आत न्यायला किती लागेल ते एकदा टेपने मोजून सांग ना, पहिला थर बसवायच्या आधी सांग म्हणजे झालं.

तुमची लेक