घटस्फोटासाठी वकील बघताय? मुलाचं आधी विचारा

प्रति संपादक,
सप्रेम नमस्कार.

घटस्फोटाबद्दल पेपरात बरंच छापून येतं, कोणी किती पोटगी मागितली, कोणावर काय आरोप झाले वगैरे, पण ज्या घरात हे खरंच चालू असतं तिथल्या माणसाला आधी पडलेला प्रश्न साधा असतो की वकील कोणता करायचा. आणि ते कोणी धड सांगत नाही. मग ओळखीतलं कोणीतरी एखादं मोठं नाव सुचवतं, तो वकील मुळात जमिनीच्या नाहीतर चेक बाउन्सच्या केसेस करणारा असतो आणि तिथूनच सगळं बिघडायला लागतं. जवळच्या नात्यात हे बघितलंय म्हणून कळकळीने लिहितेय.

मुलं असतील तर फॅमिली केसेसच करणारी आणि जिथे केस चालणार त्याच कोर्टात नेहमी उभी राहणारी वकिलांची लोकल फर्म बघा असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाच्या ताब्याची केस साधारणपणे मूल जिथे राहतं तिथल्या कोर्टात चालते. तिथले समुपदेशक कसे बोलतात, मिडिएशनला म्हणजे मध्यस्थासमोर बसून समझोता करायला कधी पाठवतात, भेटीचे दिवस कसे लावून देतात हे रोज तिथे असणाऱ्यालाच माहीत असतं. लांबचा मोठा वकील तारखेला आला नाही की पुढची तारीख पडते आणि तोवर मूल ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहतं. हे लोकांना फार उशिरा कळतं हो! तात्पुरती म्हणून लावलेली व्यवस्था महिनोनमहिने चालली की मूल तिथे रुळतं, शाळा, मित्र सगळं तिथलंच होतं आणि मग कोर्टही ती घडी मोडायला सहसा तयार होत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या अंतरिम अर्जाबद्दल, म्हणजे निकाल लागेपर्यंत मूल कोणाकडे राहील यासाठीच्या अर्जाबद्दल, वकील काय म्हणतो ते नीट ऐका.

"पूर्ण कस्टडी मिळवून देतो, गॅरंटी" असं कोणी म्हटलं तर तिथून सरळ उठून यावं. असा शब्द कुठलाच वकील देऊ शकत नाही, कारण आईबापापैकी कोण जिंकलं यापेक्षा मुलाचं हित कशात आहे हे कोर्टाला बघायचं असतं. संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार जगातल्या जवळपास सगळ्या देशांनी मान्य केलाय, त्यातल्या कलम ३ मध्ये मुलाच्या हिताला प्राधान्य आहे, कलम ९ प्रमाणे मुलाच्या हिताआड येत नसेल तर वेगळं राहणाऱ्या आईवडिलांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क आहे आणि कलम १२ सांगतं की समज आलेल्या मुलाचं म्हणणं ऐकलं पाहिजे. चांगला वकील म्हणूनच पहिल्या भेटीत विचारतो की शाळेत कोण सोडतं, डॉक्टरकडे कोण नेतं, सुट्टीत मूल कुठे असतं, दुसऱ्या पालकाला भेटू द्यायची तुमची किती तयारी आहे. मुलाच्या हातून निरोप पाठवू नका, रागात मेसेज टाकू नका, ते उद्या जजसमोर येतात, हेही तो त्याच दिवशी बजावतो. समोरच्याची जिरवायचीच भाषा करणारा वकील ऐकायला बरा वाटतो पण त्यात मूल भरडलं जातं.

फी लेखी घ्या, त्यात काय धरलंय, अर्जाचे वेगळे पैसे का, तारखेला स्वतः येणार की ज्युनिअर, सगळं आधीच विचारून घ्या. संमतीने घटस्फोट असला तरी दोघांचा मिळून एकच वकील नको, निदान कागदावर सही करण्याआधी आपल्या बाजूच्या वकिलाकडून ते वाचून घ्या. आणि गाव लहान असेल तर आपला जोडीदार त्याच फर्मकडे आधी जाऊन आलाय का हे पहिल्यांदा विचारा, नंतर कळलं तर त्यांना केस सोडावी लागू शकते.

घरात मारहाण असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे समजुतीने मिटवा म्हणून मिडिएशनच्या टेबलावर बसवणं धोक्याचं आहे, आधी मारहाण थांबवण्यासाठी कोर्टाकडून संरक्षणाचा आदेश घ्यावा लागतो आणि वकिलाने हे स्वतःहून विचारायला हवं. कित्येक बायका लाजेने सांगतच नाहीत.

संपादक साहेब, आपल्या पेपरात फॅमिली कोर्टात काम करणाऱ्या वकिलांकडून वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं एक सदर सुरू करावं अशी मनापासून विनंती आहे. नावं छापू नयेत, लोक नक्की प्रश्न पाठवतील.

आपली,
एक वाचक