चपलांचं कासव

नैरोबी

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, "शनिवारी त्या मुलांना घेऊन करतेस तरी काय?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. आम्ही जुन्या स्लिपरांचं कासव केलं. चांगलं परातीएवढं!

मूळ कल्पना इथल्याच मुलांची. केनियाच्या उत्तर किनाऱ्याजवळ किवायू नावाचं बेट आहे. १९९७ च्या सुमारास ज्यूली चर्च तिथे समुद्री जीवांसाठी काम करत होत्या. लाटांबरोबर आलेल्या स्लिपरांचे ढीग किनाऱ्यावर पडलेले, आणि अंडी घालायला येणाऱ्या कासवांना त्यांचीच आडकाठी. गावातली मुलं मात्र त्याच स्लिपरा कापून खेळणी करत होती! ते पाहून चर्चबाईंनी त्यांच्या आयांना कामाला लावलं. त्यातूनच पुढे ओशन सोल ही संस्था उभी राहिली. तिथले कारागीर स्लिपरांचे थर चिकटवून ठोकळा करतात आणि सुरीने कोरून त्यातून हत्ती, जिराफ काढतात.

आम्ही चिकटवायच्या फंदात पडलो नाही, त्या गोंदाचा वास फार उग्र. वेताची मोडकी टोपली पालथी घातली. मुलांनी ब्रशने घासघासून स्लिपरा धुतल्या. कापायचं काम मी केलं, कारण तळवा कात्रीला दाद देत नाही. मग दाभणाने भोकं पाडून नायलॉनच्या दोरीने एकेक तुकडा टोपलीला बांधला. पट्ट्यांची नखं केली.

एक सहा वर्षांचा मुलगा मात्र हातातली स्लिपर कापायला देईना. टाच झिजलेली, आणि वर पाचही बोटांचे ठसे. "हा कुणाचा तरी पाय आहे," म्हणाला. मला काही बोलताच येईना. ती स्लिपर तशीच्या तशी कासवाच्या पाठीवर बांधली. आई, अख्ख्या कासवात मला तीच जागा सगळ्यात आवडते.

तुम्ही दादाच्या मुलांना वेळासला कासवाची पिल्लं दाखवायला नेलं होतंत ना? ती पिल्लं पाण्यात गेल्यावर धाकटी रडली होती म्हणे. तिच्यासाठी आपण घरीच एक कासव करू. दिवाळीला येतेच आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर आलेल्या स्लिपरा तेवढ्या मुलांकडून गोळा करून, धुवून ठेवा. जोडी नसली तरी चालेल. दाभण माळ्यावरच्या लोखंडी पेटीत असेल, गंजलं नसलं म्हणजे झालं.

तुमची,
ताई