विषय : एअर कुशनमध्ये हवा भरण्याबाबत दिलेली चुकीची माहिती आणि मापाबाहेरच्या व्हीलचेअर

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मज्जारज्जूला इजा झालेल्या आठ रुग्णांच्या कुटुंबांनी आमच्या विभागामार्फत तुमच्याकडून आठ व्हीलचेअर आणि आठ एअर कुशन घेतली. पैसे आगाऊ भरले. प्रत्येक मागणीसोबत मापांचा तक्ता जोडला होता : नितंबांची रुंदी, पाठीपासून गुडघ्यामागच्या खळग्यापर्यंतची लांबी, पोटरीची उंची आणि इजेची लेव्हल. आलेल्या सगळ्या खुर्च्या मात्र १८ इंची सीटच्या निघाल्या. त्यावर पुढे लिहितोच. आधी कुशनचं, कारण ती चूक तुमच्या इतर ग्राहकांकडेही चालू असणार.

डेमोच्या वेळी तुमच्या प्रतिनिधीने कुशन ‘सायकलच्या ट्यूबसारखं टणक’ होईपर्यंत हवा भरायला सांगितलं. अंगठ्याने दाबायचं, दबलं नाही की झालं. हे साफ चुकीचं आहे. या कुशनमध्ये माणूस थोडा आत रुतला पाहिजे, म्हणजे वजन मांड्या आणि नितंबांवर पसरतं. टणक कुशनवर तो वर तरंगतो, सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो आणि तोलही जातो. उलट हवा कमी पडली तर हाड थेट तळाला टेकतं. दोन्हींचा शेवट बेडसोअरमध्येच, म्हणजे दाबाने होणाऱ्या जखमेत.

योग्य पद्धत अशी. कुशन खुर्चीत ठेवून आधी थोडी जास्त हवा भरायची. माणसाला रोज बसतो तसं, पाय फूटरेस्टवर ठेवून बसवायचं. त्याच्या आणि कुशनच्या मधून हात सरकवून बैठकीच्या हाडाचं सर्वांत खालचं टोक शोधायचं. सापडत नसेल तर त्या बाजूची मांडी किंचित उचलायची. हात तिथेच ठेवून व्हॉल्व्ह उघडायचा आणि हवा हळूहळू सोडायची. हाड आणि कुशनचा तळ यांच्यात अर्धा ते एक इंच अंतर राहिलं, म्हणजे बोटांची टोकं जेमतेम हलतील इतकं, की व्हॉल्व्ह बंद. दुसऱ्या बाजूलाही तेच बघायचं. ही तपासणी माणूस बसलेला असतानाच करायची. रिकामं कुशन दाबून काहीच कळत नाही. घाट चढून वर गेल्यावर किंवा गाडी उन्हात राहिल्यावर आतली हवा फुगते, तेव्हाही पुन्हा बघावं लागतं.

तुमच्या डब्यातल्या पत्रकात यातलं काही नाही. पत्रक फक्त इंग्रजीत आहे आणि कुशनची कुठली बाजू पुढे ठेवायची हेसुद्धा त्यात नाही. पाच डब्यांमध्ये हँडपंप नव्हता. तीन कुशनची हवा रात्रीतून उतरते. टबातल्या पाण्यात बुडवल्यावर व्हॉल्व्हच्या बुडाशी बुडबुडे दिसतात, म्हणजे दोष जोडाचा आहे, वापराचा नाही. कव्हर रेक्झिनचं आणि घट्ट ताणलेलं. असं कव्हर झोळीसारखं माणसाला वरच धरून ठेवतं, मग खालच्या हवेचा उपयोग काय? शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात खाली घाम साचून कातडी नरम पडते. कव्हर ताणलं जाणारं आणि हवा खेळती ठेवणारं हवं, हे कुशन विकणाऱ्याला सांगावं लागू नये.

यावर तुमचं ईमेल उत्तर ‘चुकीचा वापर, वॉरंटी लागू नाही’ असं आलं. ज्याला कमरेखाली संवेदना नाही त्याला टोचतं हे कळत नाही, म्हणून तो जागा बदलत नाही. नुकसान बऱ्याचदा आत, हाडालगत सुरू होतं; वर दिसेपर्यंत खोल गेलेलं असतं. दाब काढल्यावर अर्ध्या तासात लाली गेली नाही तर तिथे पुन्हा बसायचं नाही, असं आम्ही शिकवतो. सावळ्या कातडीवर लाली दिसतही नाही, म्हणून हाताने ऊब आणि कडकपणा तपासायला लावतो. खोल जखम झाली की बसणं बंद, महिनोन्‌महिने अंथरूण, कधी फ्लॅपची (शेजारची कातडी-स्नायू सरकवून जखम झाकण्याची) शस्त्रक्रिया. डी-६ (छातीच्या सहाव्या मणक्याची पातळी) किंवा त्यावरच्या इजेत तर अशी जखम रक्तदाब एकाएकी वाढवू शकते. दोन रुग्णांच्या बैठकीच्या हाडांवर लाली टिकून राहिल्याने आम्ही ही कुशन वापरातून काढली आहेत.

आता खुर्च्या. सीटची रुंदी नितंबांपेक्षा साधारण एक इंच जास्त असावी. एका रुग्णाचं माप १३ इंच आहे. १८ इंचांत तो एका बाजूला कलतो, कंबर तिरकी होते आणि एकाच हाडावर भार येतो. चाकं लांब पडल्याने हात पसरून ढकलावं लागतं, आणि ज्याचे पाय चालत नाहीत त्याचे खांदे झिजवणं परवडणारं नाही. सीटचं कापड आत्ताच खाली झोळ देतंय. त्यावर ठेवलेलं कोणतंही कुशन वाकडंच बसणार. खाली सपाट फळी द्या असं तक्त्यात लिहिलं होतं. कुशनमुळे बैठक जवळपास चार इंच वर येते, पण फूटरेस्ट आणि आर्मरेस्ट त्या हिशेबाने बसवलेले नाहीत. फूटरेस्ट त्यामानाने खाली राहिला की पाय लोंबतात आणि मांडीखाली पुढच्या कडेचा दाब येतो.

सर्वांत त्रासदायक म्हणजे आर्मरेस्ट. मागणी काढता येणाऱ्यांची होती, आले वेल्डिंग केलेले. त्यामुळे ट्रान्सफर बोर्डवरून (खुर्ची आणि पलंग यांच्यामध्ये ठेवायच्या गुळगुळीत फळीवरून) पलंगावर सरकता येत नाही. माणसाला उचलून चाकावरून न्यावं लागतं आणि त्यात कातडी खरचटते. दर अर्ध्या तासाला दोनेक मिनिटं बाजूला वाकून दाब काढायचा असतो, तेही या दांड्यांमध्ये नीट जमत नाही. ब्रेकबद्दल एवढंच : टायरमध्ये हवा थोडी कमी झाली की ते पकडत नाहीत.

आमची पहिली मागणी पैशांची नाही. हे कुशन घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला हवा भरण्याची बरोबर पद्धत मराठीत, चित्रांसह, सात दिवसांत कळवा आणि त्याची प्रत आम्हाला पाठवा. आठही खुर्च्या ३० दिवसांत तक्त्याप्रमाणे बदलून द्या. गळकी तीन कुशन नवी द्या, आठांनाही योग्य कव्हर द्या, राहिलेले पाच पंप पाठवा. नव्या खुर्च्या बसवताना तुमचा तंत्रज्ञ आमच्यासमोर हजर असावा. नुसतं कुरिअर स्वीकारणार नाही. जी खुर्ची मापाप्रमाणे देता येणार नाही तिची पूर्ण रक्कम त्या कुटुंबाला परत करा.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वापराच्या पुरेशा सूचना न देणं हेही उत्पादकाच्या दायित्वात येतं. मुदतीत उत्तर न आल्यास कुटुंबं १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवतील. तपासणीच्या नोंदी आम्ही देऊ.

कळावे,
फिजिओथेरपी व ऑक्युपेशनल थेरपी विभाग

सोबत : आठ मापतक्ते, पावत्यांच्या प्रती, गळतीचे व्हिडिओ, तुमच्या ईमेलची प्रत.