भिंती रंगल्या, तालमीला खोली कुठे आहे?

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मुंबईतल्या मुंबईत दोन दिवस भटकायला कुठे जावं यावर मोठा लेख आला. वांद्र्याचं रणवार, आमची खोताची वाडी, काळा घोडा. कुठे उतरायचं, कॉफी कुठे चांगली मिळते, कुठल्या भिंतीपुढे फोटो छान येतो, सगळं व्यवस्थित दिलं होतं. या वस्त्यांना लेखात ‘बोहेमियन’, म्हणजे मनमौजी कलावंतांच्या, म्हटलंय. लिहिणाऱ्या मुलीला या गल्ल्या मनापासून आवडल्यात हे वाचताना कळतं, आणि त्याचा मला आनंद झाला. पण अख्ख्या लेखात गाणारा-वाजवणारा माणूस एकही भेटत नाही. म्हणून हे पत्र.

मी गिरगावात पेट्या दुरुस्त करतो, म्हणजे हार्मोनियम. भाता फाटला तर नवा बसवायचा, पट्ट्या सरळ करायच्या, खरज-नर-मादी अशा वेगवेगळ्या सप्तकांतले सूर घासून जुळवायचे. काम वडिलांकडून आलं. दुकान म्हणावं एवढी जागा नाही, जिन्याखालची खोली आहे. दुरुस्तीला आलेल्या पेटीच्या मालकाचं नाव-पत्ता वहीत लिहून ठेवायची वडिलांची पद्धत मी चालू ठेवली. त्यांच्या वह्या उघडल्या की पत्ते दिसतात ते ठाकूरद्वार, मुगभाट, फणसवाडी, चिराबाजार, फार तर परळ-लालबाग. माझ्या आताच्या वहीत विरार, नालासोपारा, बदलापूर, पनवेल. कधीकधी पेटी तीच असते. उघडली की आतल्या लाकडावर वडिलांनी पेन्सिलीने घातलेली तारीख सापडते. फक्त आता ती मालकाची नात लोकलच्या लगेज डब्यातून घेऊन येते.

मी प्रत्येकाला विचारतो, रियाज कुठे करता? बंद खिडक्यांच्या बेडरूममध्ये, हळू आवाजात, असं उत्तर येतं. एका भजनी मंडळाने सांगितलं की नव्या इमारतीत सोसायटीचा हॉल आहे, पण तो वाढदिवसांना मिळतो, भजनाला मिळत नाही. पूर्वी चाळीच्या गॅलरीत कोणी पेटी काढली की शेजारचा तबला घेऊन यायचा. आता शेजारचा गेटवरच्या वॉचमनला फोन करतो. मी शेजाऱ्याला दोष देत नाही. दिवसभर लोकलमध्ये उभं राहून घरी आलेल्या माणसाला शांतता हवी असते. म्हणून तर घराबाहेर एक वेगळी खोली लागते.

या शहरातलं संगीत, नाटक, चित्रं, कपड्यांची ऐट, जे पाहायला आता पाहुणे येतात, ते सगळं अशाच खोल्यांमधून आलं. धोबी तलावचं उदाहरण घ्या. आपण मुंबईकर चार दिवस मोकळं वाटावं, संगीत ऐकावं म्हणून गोव्यात हणजूणला जातो. गोव्याचे वादक मात्र त्याच्या उलट वाटेने इथे आले. धोबी तलावच्या जेर महालात आणि आजूबाजूच्या इमारतींत गोवेकरांचे गावनिहाय क्लब होते, काही अजून आहेत. ते त्यांना कूड म्हणतात. एका मोठ्या खोलीत भिंतीशी रांगेने ट्रंका, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. आपल्या गावच्या क्लबात अगदी थोड्या पैशांत पथारी टाकता यायची. कोणी बोटीवरच्या नोकरीची वाट बघत राहायचा, कोणी बँडमधल्या. चर्चच्या शाळेत स्टाफ नोटेशन, म्हणजे पाश्चात्त्य स्वरलिपी, शिकून आलेले हे लोक. खाली रस्त्यावर फुर्टाडोजसारखं १८६५ सालचं वाद्यांचं दुकान. चालत जाता येईल अशा अंतरावर हॉटेलं. १९३५ साली लिऑन ॲबे हे अमेरिकन बँडमास्तर आपला ताफा घेऊन ताजमध्ये वाजवायला आले, आणि मुंबईत जॅझ घट्ट रुजला. चिक चॉकलेट म्हणून गाजलेले ट्रम्पेटवादक अँटोनिओ झेवियर वाझ हे गोव्याचेच. पुढे १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलांतली कामं आटली आणि हे वादक मोठ्या संख्येने सिनेमाच्या स्टुडिओंकडे वळले. पुणतांब्याचे आपले चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्या गाण्यांत जो झोक आहे तो या मंडळींच्या सोबतीने आलेला आहे. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांनी कागदावर उतरवलेल्या व्हायोलिनच्या ओळी आपण आजही गुणगुणतो. पथारीला जागा नसती तर यातले कितीजण इथे टिकले असते?

आमच्या पेटी-तबल्याच्या बाजूचंही तेच. बिजनौरकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे भाऊ एकोणिसाव्या शतकात भेंडीबाजारात राहिले आणि त्या बाजाराच्या नावाने गायनाचं घराणं उभं राहिलं. गायिका अंजनीबाई मालपेकर नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. ऑपेरा हाउसजवळ देवधर मास्तरांनी १९२५ साली संगीताची शाळा काढली, तिथे लहानगे कुमार गंधर्व शिकायला आले. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई इन्स्टिट्यूटमध्ये रविशंकरांचा सतारीचा वर्ग, नाट्यदिग्दर्शक अल्काझींच्या मंडळींच्या तालमी आणि हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांचे स्टुडिओ एकाच छपराखाली होते, तेही नाममात्र भाड्यात. एकाची तालीम दुसऱ्याच्या कानावर पडत होती. ती वास्तू आता राहिली नाही.

पण मला सगळ्यात जवळची वाटते ती दादरची छबिलदास शाळा. सुलभाताई आणि अरविंद देशपांडे, नाटककार विजय तेंडुलकर यांनी १९७१ साली ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था सुरू केली आणि १९७४ पासून छबिलदासचा हॉल मिळाला. दिवसा शाळा, रात्री नाटक. व्यावसायिक रंगभूमीवर जे कोणी उभं केलं नसतं ते तिथे पंधरा-वीस वर्षं उभं राहिलं. आमच्या पेट्या तिथे जायच्या. वडिलांबरोबर पेटी पोचवायला मी जायचो, तेव्हा खाली गल्लीत बटाटेवड्याच्या गाडीपाशी नट, पडदा ओढणारे आणि प्रेक्षक सगळे एकत्र उभे असायचे. झब्बा, कोल्हापुरी चप्पल, खांद्याला शबनम. पुण्या-मुंबईच्या एका अख्ख्या पिढीची फॅशन त्या गल्लीत तयार झाली, आणि ती कोणी दुकानातून विकत आणली नव्हती. नंतर ‘आविष्कार’ माहीमच्या महापालिका शाळेत गेली. एका शाळेने हॉल दिला म्हणून मराठी प्रायोगिक नाटकाची एक पिढी घडली, ही गोष्ट महापालिकेतल्या आणि मंत्रालयातल्या माणसांनी रोज आठवावी अशी आहे.

काळ्या घोड्याबद्दल लेखात महोत्सव आला, तो १९९९ पासून होतो आणि चांगला होतो. पण तिथल्या वेसाइड इन या हॉटेलात कवी अरुण कोलटकर वर्षानुवर्षं एका टेबलाशी बसत, तेही लिहायला हवं होतं. राहायला लहानशी खोली, बसायला हॉटेलातलं टेबल, आणि शिकायला अर्जुन शेजवळांकडे पखवाज. कोणी उठा म्हणत नव्हतं, एवढंच त्या हॉटेलाने केलं. ते हॉटेल गेलं. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार हे उपाहारगृह २०१५ साली गेलं. ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्ड-सीडींचं दुकान २०१६ साली बंद झालं, आणि त्याच वर्षी लोअर परळच्या मथुरादास मिलमधला ब्लू फ्रॉग हा संगीताचा क्लबही. तिथे फार महाग होतं, आमच्यासारख्यांची सहज ये-जा नव्हती, पण रोज रात्री कोणीतरी जिवंत वाजवत होतं.

स्वस्त भाड्याला १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा कारण होता, आणि त्याच कायद्यामुळे मालकांनी डागडुजी सोडली, चाळी मोडकळीला आल्या, हे मला माहीत आहे. आमच्या जिन्याला टेकू लावलेत. पुनर्विकास नको असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात छत कोसळायच्या भीतीने जागी राहणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांना पक्कं घर मिळायलाच हवं. माझं म्हणणं एवढंच की चाळीबरोबर गॅलरी, चौक, गच्ची आणि तळमजल्यावरची मंडळाची खोलीही पाडली जाते, आणि नव्या नकाशात त्यांच्या जागी पार्किंग येतं.

आणि नवी पोरं काही थांबलेली नाहीत. मागच्या गणपतीआधी कुर्ल्याचा एक मुलगा आला. मराठीत रॅप करतो. आजोबांची पेटी बरोबर. म्हणाला, काका, सूर लावा, पण भात्याचा आवाज घालवू नका, तो मला रेकॉर्ड करायचाय. माझ्याकडे आजवर कोणी असं मागितलं नव्हतं. आम्ही तो श्वासासारखा आवाज लपवायला शिकलेले. मी विचारलं रेकॉर्ड कुठे करणार, तर मित्राच्या खोलीत, खिडकीला गोधड्या लावून, रात्री एक नंतर, कारण तेव्हा खालचं वेल्डिंगचं दुकान बंद असतं. त्याच्या अंगात आजोबांचा जुना गिरणीतला खाकी शर्ट होता, बाह्या कापून स्वतः शिवून घेतलेला. मला फार देखणा वाटला तो. लालबाग-परळची बेंजोवाली पोरंसुद्धा उड्डाणपुलाखाली तालीम करतात, गाड्यांच्या आवाजात. पाडव्याच्या आमच्या शोभायात्रेत नऊवारी आणि नथ घालून बुलेटवर येणाऱ्या मुलींचे फोटो सगळे छापतात. त्यातल्या ढोल-ताशा पथकांना महिनाभर सरावाला मैदान मिळवताना काय यातायात करावी लागते, ते कोणी छापत नाही.

खोताची वाडी मला रोजची आहे. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभूंच्या जमिनीवर ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्याच मूळच्या ख्रिस्ती, कुटुंबांनी वसवलेली ती वाडी, लाकडी जिने आणि ओटे असलेली. जुनी घरं आता निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. तिथे लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येतात, न विचारता ओट्यावर बसतात, दुपारी झोपलेल्या म्हातारीच्या खिडकीपाशी दिवे लावतात. याच समाजात लग्नाआधी उंबराचं पाणी आणायला बाया लुगडी नेसून वाजतगाजत विहिरीवर जातात. मुंबईची ही किती जुनी मराठी लकब आहे! पाहुण्याला कोणी बोलावलं तर त्याने तिथे जरूर जावं, चार पावलं नाचावं, आणि कॅमेरा थोडा वेळ पिशवीत ठेवावा. रणवारमध्ये आणि चॅपल रोडवर भिंतींवरची चित्रं सुंदर आहेत, ती काढणाऱ्यांनी जीव ओतलाय. त्या भिंतींच्या आत कोण राहतं हे विचारायची सवय मात्र आपल्या पुरवणीनेच वाचकांना लावायला हवी. आता मेट्रो ३ गिरगावात आलीय, म्हणजे येणारे वाढणार. त्यांनी यावंच. त्यांना भेटायला कोणी उरलेलं असावं.

माझी मागणी दोन ठिकाणी आहे. पहिली महापालिकेकडे. मराठी शाळांतले वर्ग रिकामे होत चाललेत. संध्याकाळी सहा ते साडेनऊ ते वर्ग वस्तीतल्या तालमींना द्या. दहानंतर आवाज नको हा नियम आपोआप पाळला जाईल. वीज आणि रखवालदार यांचा खर्च निघेल एवढंच भाडं घ्या, अनामत रक्कम शंभर-दोनशेच्या वर नको, आणि अर्ज वॉर्डातच निकाली निघावा. भजनी मंडळ, बेंजो पार्टी, रॅप करणारी पोरं, नाटकवाले, सगळ्यांना एकच रांग, ओळखीपाळखीवर दिवस वाटले जाऊ नयेत. पुष्कळ शाळांत पेट्या आणि तबले कपाटात पडून आहेत, त्यातल्या काही माझ्याच हाताखालून गेल्यात. वापराअभावी भात्याला बुरशी येते. त्या पेट्या वाजत्या ठेवायचं काम मी माझ्या वॉर्डापुरतं फुकट करीन, सामानाचे पैसे तेवढे द्यावेत. पुनर्विकासाच्या नकाशात प्रत्येक इमारतीमागे नाही, पण प्रत्येक वाडीमागे आवाज बाहेर न जाणारी एक खोली सक्तीची करावी, हेही यासोबत यायला हवं.

दुसरी मागणी आपल्याकडे, संपादक महाराज. भटकंतीच्या पानावर एक लहान चौकट द्या. या आठवड्यात कुठल्या वस्तीत कोणाची बैठक आहे, कुठल्या मंडळाचं भजन, कुठल्या कोळीवाड्यात ब्रास बँड, कुठल्या गल्लीत पोरांचं रॅप, वेळ, जवळचं स्टेशन आणि बाहेरच्याला आलेलं चालतं की नाही, एवढंच. ज्यांना चालत नाही त्यांचं नाव छापू नका. गिरगाव, चिराबाजार आणि धोबी तलावची माहिती दर बुधवारपर्यंत मी आणून देत जाईन. पेट्यांच्या निमित्ताने सगळ्यांशी बोलणं होतंच. पहिली यादी या पत्रासोबत जोडली आहे, सगळ्या मंडळांना विचारून आणि त्यांची परवानगी घेऊन.

आपला,
एक पेटी-कारागीर
गिरगाव, मुंबई ४०० ००४