पापणी मिटत नाही, तरी फाइल बंद

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी डोळ्यांची डॉक्टर. त्वचारोग हे माझे खाते नव्हे. पण माझ्यासमोर येणाऱ्या काही डोळ्यांचे दुखणे कातडीवरच सुरू झालेले असते, म्हणून हे पत्र.

मध्यंतरी एक गृहस्थ चष्म्याचा नंबर काढायला आले. मी म्हटले, "काका, झोपताना मिटता तसे डोळे अलगद मिटा." उजवा मिटला. डाव्या पापण्यांमध्ये पांढरी फट राहिली. पट्टी धरली तर 4 मिलिमीटर. बुबुळाच्या खालच्या कडेला धुळीचा कण रुतलेला होता आणि काका माझ्याशी निवांत बोलत होते. तुमच्या-माझ्या डोळ्यात तो कण असता तर आपण बोलणे टाकून नळाकडे धावलो असतो. कुष्ठरोगाच्या गोळ्या संपून काही वर्षे झाली होती. कार्डावर शेरा होता, 'उपचार पूर्ण'.

कुष्ठरोगाचे जंतू नसांत शिरतात. पापणी मिटवणारी नस निकामी झाली की डोळा उघडा राहतो, बुबुळाची जाणीव देणारी गेली की खुपलेले कळत नाही. दोन्ही एकदम गेल्या तर बुबुळ सुकते, जखम होते, ती चिघळते आणि फूल पडते. हे सगळे न दुखता होते, त्यामुळे रुग्ण आपणहून येतच नाही. काहींना बुबुळामागच्या रंगीत पडद्याची (आयरिसची) सूज येते, तीही कधी कधी गुपचूप. ज्यांच्या चेहऱ्यावर डोळ्याजवळ चट्टा आहे आणि तो अचानक लाल होऊन सुजला आहे, त्यांची पापणी तर दर भेटीत पाहायला हवी. नस सहा महिन्यांच्या आत दुखावलेली असेल, तर स्टिरॉइडने ती सुधारण्याची आशा असते. नंतर उरते पापणीची शस्त्रक्रिया.

आता आपल्या आकड्यांबद्दल. 1991 मध्ये जागतिक आरोग्य सभेने जे निर्मूलनाचे उद्दिष्ट ठरवले, त्याची व्याख्या 10,000 लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण अशी होती. रुग्ण म्हणजे उपचार चालू असलेला. बहुविध औषधोपचार 6 किंवा 12 महिन्यांचा. शेवटचा डोस घेतला की माणूस यादीतून जातो. हा औषधोपचार 1982 पासून सुरू झाला आणि त्याने असंख्य लोकांना बरे केले, त्याबद्दल माझ्या मनात काडीचीही शंका नाही. पण जंतू मेले म्हणून मेलेली नस जिवंत होत नाही, आणि रिअॅक्शन, म्हणजे जंतूंविरुद्ध शरीर अचानक भडकून चट्टे आणि नसा सुजणे, गोळ्या संपल्यावरही येऊ शकते. आपल्या तक्त्यात काकांना रकानाच नाही.

"रोज थेंब घाला" असे सांगणे सोपे असते. काकांची बोटे वाकडी, शिवाय बधिर. बाटली दोन्ही तळव्यांत धरून ते दाबतात, थेंब गालावर पडतो आणि तो डोळ्यात गेला की नाही हे डोळाही सांगत नाही. एरवी अंध माणूस बोटांनी जग ओळखतो. यांची नजर गेली तर बोटेही साथ देणार नाहीत.

ल्युपस, जोग्रेन, ऱ्हुमॅटॉइड संधिवात या कोलॅजनच्या आजारांत, म्हणजे जिथे प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तिथे, चित्र बरेचसे उलटे. तिथे डोळा बोंब मारतो आणि आम्ही ऐकत नाही. जोग्रेनमध्ये अश्रू आटतात, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते आणि बाईच्या हाती अॅलर्जीचे थेंब पडतात; तोंडही कोरडे पडते का, हे कुणी विचारत नाही. संधिवाताच्या रुग्णाला डोळ्याच्या पांढऱ्या भागाची सूज रात्री झोपेतून उठवते. क्वचित तोच भाग वेदनेशिवाय झिजून पातळ होतो, ते अधिक धोक्याचे. ल्युपसवरचे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चांगले औषध आहे. पण ते वजनाच्या किलोमागे रोज 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, पहिल्या वर्षात डोळ्यामागचा पडदा (रेटिना) तपासावा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी. पडद्याला झालेली इजा भरून येत नाही. स्टिरॉइडने मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतात, हे वेगळेच.

या दोन आजारांची गल्लतही होते. ताप, सुजलेले सांधे, अंगावर गाठी, लाल डोळा: हे ल्युपस किंवा संधिवात वाटू शकते आणि असते कुष्ठरोगाची रिअॅक्शन. रक्ताच्या काही चाचण्याही दोन्हींत सारख्याच फसवतात. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो; रुग्णाला डोळे मिटायला लावून चट्ट्यावर पेनाचे टोक टेकवले असते, तर अनेकदा उलगडा झाला असता. त्याला यंत्र लागत नाही.

म्हणून मागणे असे आहे. कुष्ठरोगाच्या कार्डावर डोळ्यांसाठी एक पान द्या: पापणी किती मिटते, बुबुळाला जाणीव आहे का, नजर किती. ते निदानाच्या दिवशी, शेवटच्या डोसला आणि त्यानंतरही वर्षातून एकदा भरले जावे. पापणीची फट मोजायला घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविकेला एका दुपारचे प्रशिक्षण पुरे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या चिठ्ठीवर डोळे तपासण्याची पुढची तारीख लिहिणे सक्तीचे करा. आणि त्वचा विभागातून नेत्र विभागात धाडलेल्या माणसाला पुन्हा नव्याने रांगेत उभे करू नका.

काकांना मी पुढच्या महिन्यात बोलावले आहे. ते येतील की नाही सांगता येत नाही, कारण त्यांचे काहीच दुखत नाही.

आपली,
एक नेत्रतज्ज्ञ