सूचना : बाळंतपणाच्या रजेवरून कामावर परतणाऱ्या सभासदांसाठी

मैत्रिणींनो,

या महिन्यात आपल्यातल्या तिघी-चौघी रुजू होत आहेत, म्हणून एक आठवण. रुजू व्हायच्या आधीच एचआरला ईमेल करा, तोंडी बोलण्यावर राहू नका. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली हे सगळ्यांना पाठ असतं. पण बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दूध पाजण्यासाठी दोन जादा सुट्ट्या मिळतात, हे विसरलं जातं. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोय हवी आणि दिवसातून चार वेळा तिथे जायची मुभाही. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. घरून काम मात्र तुम्ही आणि कंपनी, दोघांच्या संमतीवर आहे, तेव्हा तेही लेखी घ्या.

दूध काढायला स्वच्छ, कडी लागणारी खोली मागा. मला पहिल्या दिवशी स्टोअररूम दाखवली होती, दाराला कडी नाही आणि आत छपाईच्या कागदांचे गठ्ठे. तिसऱ्या दिवशी सांगून कडी बसवून घेतली. काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. बाहेर २५ अंशांपर्यंत चार तास, म्हणजे आपल्या एप्रिल-मेमध्ये बर्फाची पिशवी हवीच. बाटलीवर तारीख-वेळ लिहा.

जमलं तर सोमवारऐवजी गुरुवारी रुजू व्हा, दोन दिवसांत शनिवार येतो. बाळाला पाळणाघराची सवय मात्र आठवडाभर आधीपासून लावा. आणि जादा ब्लाउज किंवा कुर्ता बॅगेत असू द्या!

ईमेलचा मराठी-इंग्रजी मसुदा हवा असेल त्यांनी ग्रुपवर ‘मसुदा’ एवढंच लिहावं.