टाकीवरचा सेन्सर आणि वस्तीवरचा नळ

संपादक महोदय,

पाण्याच्या टाक्यांवर सेन्सर बसवून गुणवत्ता घरबसल्या मोबाईलवर पाहता येणार, अशा बातम्या हल्ली वरचेवर येतात. शिरोळ तालुक्यातल्या नदीकाठच्या गावात एकवीस वर्षं पिण्याच्या पाण्यात टीसीएल (जंतू मारणारी ब्लीचिंग) पावडर कालवून मी गेल्या वर्षी निवृत्त झालो, म्हणून हे चार शब्द.

आमच्या टाकीवर असा डबा बसला तेव्हा मला बरंच वाटलं. क्लोरीन, पीएच आणि गढूळपणाचे आकडे दर पंधरा मिनिटांनी सिमकार्डावरून वर जायचे. उन्हाळाभर चोख चाललं. जूनला नदीला नवं पाणी आलं आणि पुढे महिनाभरात गढूळपणा ४० दाखवू लागला. प्यायच्या पाण्यात तो १ असावा, दुसरी सोयच नसेल तर फार तर ५. फोन आले, मी बोलणी खाल्ली. पेल्यात धरलेलं पाणी मात्र नितळ! शेवटी टाकीवर चढून सेन्सर बाहेर काढला, तर काचेवर बुळबुळीत हिरवा थर. ओल्या मऊ फडक्यानं पुसला, आकडा २ वर आला. बसवणाऱ्यांना विचारलं, तर देखभाल करारातच नाही म्हणे. मग खोट्या इशाऱ्यांना सगळेच कंटाळले आणि ऑगस्टात पाणी खरंच गढूळ आलं तेव्हा कुणी मेसेज उघडलासुद्धा नाही.

दुसरं म्हणजे, या डब्याला जंतू दिसत नाहीत. क्लोरीन शिल्लक आहे का, एवढंच तो सांगतो, तेही टाकीतलं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर घाला घालणारा आजार) रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय आला, तेव्हा क्लोरीनची आठवण सगळ्यांना झाली. आमच्याकडे टोकाच्या वस्तीची पाइप गटारीतून गेलीय. पंप बंद झाला की रिकामी पाइप सांध्यातून गटारीचं पाणी ओढून घेते. टाकीत क्लोरीन ०.५ दाखवत असताना तिथल्या शेवटच्या नळाची ओटी टेस्ट (क्लोरीन असला तर थेंब टाकल्यावर पाणी पिवळं होतं ती तपासणी) मी कितीदा तरी केली. नळीतलं पाणी पिवळं होईना. किमान ०.२ तरी हवा, तो तिथवर पोचतच नव्हता.

पुढच्या टाक्यांच्या निविदा निघतील तेव्हा दर पंधरवड्याला सेन्सर पुसण्याची आणि आकडे ताडून पाहण्याची मजुरी त्यातच धरा. डबा एकच परवडत असेल, तर तो शेवटच्या नळाला लावा. टाकीपुरती ओटी टेस्ट करायला जलसुरक्षक (पाणी तपासणारा ग्रामपंचायतीचा माणूस) आहेच.

— एक निवृत्त पाणीपुरवठा कर्मचारी, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर